पाटीचे पैसे कुणी दिले?

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या वास्कोच्या खारीवाड्यात आजोबांचं भुसारी दुकान होतं. ते बंद होऊन बरीच वर्षं झाली. घरात तीन फोटो आणि माळ्यावर एक गंजका रंगीत पत्रा सापडला. आता बायणा, मांगोर हिल, नवे वाडे, सडा या कामगार वस्त्यांतल्या जुन्या दुकानांच्या आणि जाहिरातींच्या आठवणी गोळा करायच्या आहेत. फोटोंची सालं कशी ठरवायची, पत्रा साफ कसा करायचा आणि तशीच पाटी पुन्हा रंगवून मिळेल का?

मी वास्कोत पाट्या रंगवत म्हातारा झालो, तेव्हा जे सांगतो ते हातातल्या ब्रशच्या बाजूने. इतिहासकार कदाचित वेगळं सांगतील.

आधी पत्रा, कारण घरातलं कुणीतरी उद्या उत्साहाने तो पॉलिशपेपरने घासायला घेईल. घासू नका. जुन्या ऑइलपेंटात शिसं असायचं. आपल्याकडे रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) खाली ठेवायचा नियम २०१६ साली आला आणि २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, म्हणजे तुमचा पत्रा त्याच्या कितीतरी आधीचा. ती पूड नाकात जाणं बरं नाही, लहान मुलं असलेल्या घरात तर नाहीच. शिवाय घासलं की वरचा थर जातो आणि त्याच्याखालची जुनी पाटीही जाते. जुन्या पत्र्यावर एकाच पाटीवर समाधान मानणारा दुकानदार मी फार कमी पाहिला. पत्रा महाग, रंग स्वस्त. त्यामुळे नाव बदललं, भागीदार गेला, कंपनी बदलली की त्याच पत्र्यावर नवा बेस मारून नवी अक्षरं. मऊ ओलसर कापडाने धूळ टिपा, पुसू नका. मग रात्री खोलीत अंधार करा आणि टॉर्च पत्र्याच्या कडेला अगदी आडवा धरा. ब्रशने काढलेल्या अक्षराला कडेला रंगाचा बारीकसा काठ उभा राहतो. वर रंगाचे तीन हात, म्हणजे थर, बसले तरी तो काठ आडव्या उजेडात सावली टाकतो. त्याच उजेडात मोबाइलने फोटो काढा, टॉर्च चारी बाजूंना फिरवून चार फोटो. चारांपैकी एकात तरी खालचं काहीतरी वाचता येतं.

रंग कुठले टिकले तेही बघा. स्वस्तातला लाल सगळ्यात आधी उडतो, उन्हाकडे तोंड असलेल्या पाटीवर तर गुलाबी होऊन मग नाहीसाच होतो. काळा आणि निळा टिकतो. गेरूसारखे मातीचे लाल मात्र वर्षानुवर्षं तसेच राहतात. म्हणून पत्र्याच्या मधोमध रिकामी जागा दिसली तर तिथे काहीच नव्हतं असं समजू नका. बहुतेक तिथेच सगळ्यात ठळक लाल अक्षरं होती.

आता फोटो. तुम्ही लिहिलंत की पहिल्या फोटोत थंड पेयाचं नाव हातभर मोठं आणि आजोबांच्या दुकानाचं नाव खाली बोटभर पट्टीत, त्याचं वाईट वाटलं. वाईट वाटून घेऊ नका, ती पाटी फुकट आली होती. या धंद्यातली ही पहिली गोष्ट: पाटी पाहिली की पैसे कुणी दिले ते आधी विचारायचं. थंड पेयं, सिगारेट, बिडी, चहा, साबण यांच्या कंपन्यांचा एजंट गल्लीत यायचा, दुकानाच्या कपाळाचं माप घ्यायचा आणि पेंटरला कागदावर नमुना द्यायचा. कंपनीचं नाव याच वळणाचं, याच रंगाचं, इतक्या इंचांचं. दुकानाचं नाव खालच्या पट्टीत, जागा उरेल तसं. आम्हाला पैसे चौरस फुटावर मिळायचे आणि ते एजंटकडून मिळायचे, दुकानदाराकडून फक्त चहा. दुकानदार खूश, कारण पावसाळ्यात गंजलेला पत्रा फुकटात नवा झाला. रस्त्यावरून जाणाऱ्याला तर दुकानाच्या नावाची गरजच नव्हती. बंदरावरून सुटलेला कामगार "शेटच्या दुकानार" जायचा, पाटीवर नाव काहीही असो.

म्हणून तुमच्यासारखं काम करणाऱ्यांचा एक घोटाळा होतो. जुने फोटो गोळा केले की वाटतं, वस्तीत नुसती पानपट्टी, चहाची टपरी आणि भुसारी दुकानं होती. तसं नव्हतं. ज्यांच्या मागे कंपनी होती त्यांच्या पाट्या मोठ्या आणि चकचकीत, म्हणून त्या फोटोत आल्या. शिंपी, न्हावी, छत्री दुरुस्त करणारा, घड्याळवाला, सोनार, खानावळवाली बाई, भाड्याने सायकली देणारा यांना कुठली कंपनी पाटी देणार? त्यांनी पदरच्या पैशाने लाकडी फळी रंगवून घेतली, तीही लहान, दाराच्या आत टांगलेली. पण त्या पाटीत मालकाचं मन असायचं. शिंप्याला कात्री हवी, तीही उघडलेली. न्हाव्याला अर्ध्या दाढीचा माणूस. खानावळीला नावापेक्षा "मासळीचें जेवण" एवढंच मोठं पुरे. कंपनीच्या पाटीतून गल्लीत कुठला माल खपत होता ते कळतं. गल्ली कशी होती ते कळायचं तर या लहान फळ्या शोधा. त्या बहुधा तुटलेल्या माच्याला आधार म्हणून लावलेल्या किंवा कोंबड्यांच्या खुराड्याचं दार झालेल्या सापडतील. एक तर मी स्वतः पाटावर बसलो असताना बुडाखाली पाहिली आहे.

साल ठरवायला पाटीपेक्षा पाटीच्या कडा बघा. किमतीच्या फळ्यावर "न. पै." असेल तर फोटो १९६२ ते १९६४ मधला: डिसेंबर १९६१च्या गोवा मुक्तीनंतर भारतीय नाणं आपल्याकडे आलं आणि १९६४च्या जूनपासून "नवा" हा शब्द सुटला. अर्थात कुणी जुना फळा तसाच टांगून ठेवला असेल तर वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे. एस्कुदोत भाव असेल तर पन्नाशीच्या दशकाचा शेवट ते डिसेंबर १९६१. भिंतीवर फूल किंवा दोन पानं रंगवलेली दिसली तर ओपिनियन पोल, म्हणजे १६ जानेवारी १९६७च्या आसपास. गोवा महाराष्ट्रात विलीन करा म्हणणाऱ्यांचं फूल आणि वेगळ्या गोव्यावाल्यांची दोन पानं. त्या महिन्यांत गोव्यातली एकही धड भिंत कोरी राहिली नाही असं माझे उस्ताद सांगायचे, आणि वर हेही सांगायचे की त्यांनी दोन्ही बाजूंची कामं घेतली. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला, तेव्हा पाटीवर ४०३८०२ दिसला की ती त्यानंतरची. पत्त्यात "गोवा, दमण व दीव" असेल तर ३० मे १९८७च्या आधीची. मागे गाडी उभी असेल आणि नंबर "जीडी"ने सुरू होत असेल तर ती गाडीही साधारण त्याच काळातली.

थंड पेयांनी तर आम्हाला कॅलेंडरच करून दिलं आहे. कोकाकोला १९७७ला देशातून गेला, त्याच साली थम्सअप आला, आणि १९९३ला कोकाकोला परत येऊन पारले कंपनीची पेयं विकत घेऊन बसला. तुमच्या फोटोत गोल्डस्पॉट आणि थम्सअप शेजारी शेजारी असतील तर १९७७च्या पुढचा तो काळ पक्का. पिवळ्यावर काळ्या अक्षरांत "एसटीडी आयएसडी पीसीओ" असेल तर ऐंशीच्या शेवटापासून पुढे. सिगारेटची मोठी पाटी दिसली तर बहुधा मे २००४च्या आधीची, कारण तेव्हापासून तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी लागू झाली. त्या वर्षी कित्येक टपऱ्यांचं कपाळ एका आठवड्यात पांढरं झालं. पुसायला पैसे कुणी द्यायचे यावर मात्र एजंट आणि टपरीवाले बराच काळ भांडले.

टेलिफोनचे अंक मोजा. अंक जितके कमी तितकी पाटी जुनी; सात अंक आणि सुरुवातीला २ असेल तर ती २०००च्या पुढची. एक सावधगिरी: अंक वाढले की दुकानदार नवी पाटी करत नसे, आम्हाला बोलावून जुन्या नंबरापुढे एक आकडा चिकटवून घ्यायचा. तो आकडा इतरांपेक्षा आखूड किंवा तिरका दिसतो. तसा दिसला तर पाटी आधीची, आकडा नंतरचा.

फोटोच्या मागची बाजू बघितली का? स्टुडिओचा शिक्का असतो आणि रंगीत प्रिंट असेल तर यंत्राने मारलेली तारीखही सापडते. लोक अल्बममध्ये फोटो डिंकाने चिकटवतात, म्हणून मागचं कुणी बघतच नाही.

आता लिपी. दुसऱ्या फोटोत मराठी, रोमन आणि कानडी अशा तीन लिप्या दिसतात, असं का, हे विचारलंत. कारण गिऱ्हाईक तसं होतं. मुरगाव बंदर, त्याच्यामागे १८८०च्या दशकात आलेली रेल्वे, खनिजाच्या बोटी, गोदी, पुढे झुआरीनगरचा खत कारखाना. या सगळ्यांनी माणसं आणली. पेडणे, सत्तरी, सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ले इथली मराठी वाचणारी, कारवारपासून बेळगाव-धारवाडपर्यंतची कानडी वाचणारी, सासष्टीची रोमीत, म्हणजे रोमन लिपीतली कोंकणी, वाचणारी. पोर्तुगीज काळात सरकारी दारावर पोर्तुगीज आणि दुकानात तोंडी हिशेब. मुक्तीनंतर मराठी वर्तमानपत्रं घरोघर आली, "गोमन्तक" २४ मार्च १९६२ला सुरू झाला, आणि मराठी पाट्यांची मागणी एकदम वाढली. कुठल्या लिपीला वर बसवायचं यावर दुकानदाराचा तोंडाने वाद नसायचा. ज्या गिऱ्हाइकाची उधारी जास्त, ती लिपी वर. हे मी चेष्टेने म्हणत नाही, एका भुसारी शेटने मला असंच सांगून रंगवून घेतलं होतं.

कानडी मला येत नव्हतं. येत नसलेल्या लिपीत लिहायचं तर वाचता येणाऱ्या माणसाकडून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यायचं, त्या कागदाला सुईने रेषेवर भोकं पाडायची, कागद पत्र्यावर धरून कोळशाच्या पुडीची पोटली त्यावर थापायची. पत्र्यावर ठिपक्यांची अक्षरं उमटतात, ती जोडत जायचं. माझ्या हातून कानडी अक्षराची वेलांटी गोल आली, की वाचणारा सांगायचा आणि मी पुसायचो.

पाट्यांइतकंच कापडावर लक्ष द्या, कारण वास्कोचा खरा जाहिरातीचा मोसम सप्ताहाचा होता. श्री दामोदराचा भजनी सप्ताह श्रावणात येतो, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन पावसात. चोवीस तास अखंड भजन, निरनिराळ्या समाजांचे पार, म्हणजे भजनी मिरवणुका, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फेरीतली, म्हणजे जत्रेतली, दुकानं. स्वातंत्र्यपथावर या टोकापासून त्या टोकापर्यंत कापडी बॅनर: "सप्ताहानिमित्त भाविकांचे स्वागत", खाली दुकानाचं नाव. लाल कापडावर पांढरी अक्षरं लिहायची तर पांढरी पावडर डिंकात किंवा फेविकॉलात कालवायची. डिंक कमी पडला की पहिल्या सरीला अक्षरं ओघळून खालच्या भाविकाच्या सदऱ्यावर. फेविकॉल जास्त पडला की कापड पुठ्ठ्यासारखं कडक होतं आणि वाऱ्यात फडफडून शिवण उसवते. हे कापड कुणी जपून ठेवलं नाही. दिवाळीपर्यंत त्याची पायपुसणी झाली. पण सप्ताहाच्या गर्दीचे फोटो घराघरांत आहेत. ते मागा, आणि माणसांच्या डोक्यावर टांगलेलं वाचा.

तसंच जत्रांच्या नाटकांचे फलक. वरच्या ओळीत "श्री ... प्रसन्न", मग जत्रोत्सव, मग नाटकाचं नाव सगळ्यात मोठं, आणि अगदी खाली बारीक अक्षरांत "सौजन्य" म्हणून दुकानदारांची यादी. दुकानदार स्वतःच्या पाटीला पैसे देताना का-कू करायचा, पण या यादीत आपलं नाव शेजारच्या दुकानाच्या खाली आलं तर रुसायचा. तियात्राचे, म्हणजे कोंकणी नाटकाचे, फलक रोमी लिपीत तिठ्यावर खांबाला टेकवलेले असत, त्यांवरही तसंच. वस्तीत कुणाची दुकानं होती याची इतकी प्रामाणिक यादी नगरपालिकेच्या दप्तरातही सापडायची नाही, कारण परवाना न काढलेला गाडेवालाही देवाला वर्गणी देतो. मंडळांकडे जुन्या पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती आणि स्मरणिका असतात. स्मरणिकेतल्या अर्ध्या पानाच्या जाहिराती तुमच्यासाठी सोनं आहेत. पत्ता, मालाची यादी, कधी कधी दुकानाचा ठोकळा, म्हणजे छापलेलं चित्र, सुद्धा.

छापील जाहिरातींसाठी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जा. १८३२ पासूनचं ग्रंथालय आहे, जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली आहेत. सगळं वर्ष चाळत बसू नका. चवथ (गणेश चतुर्थी), दिवाळी आणि सप्ताह, या तीन वेळचे अंक मागा. लहान दुकानदार वर्षात तेवढीच जाहिरात द्यायचा, तीही एजंट मागे लागला म्हणून. सिनेमाच्या मध्यंतरात दाखवायच्या काचेच्या स्लाइडही विसरू नका. एल मोंते थिएटरात सिनेमा पाहिलेल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, त्याला सिनेमापेक्षा एखादी स्लाइड जास्त आठवेल. हाताच्या पंजाएवढी काच असते, जुन्या दुकानदाराच्या कपाटात पावत्यांच्या खाली सापडते.

म्हाताऱ्यांशी बोलताना "तेव्हा कसं होतं हो?" असं विचारलंत तर "बरें आशिल्लें" एवढंच उत्तर मिळेल. उधारीबद्दल विचारा. चोपडी कुणाच्या नावाने होती, नवऱ्याच्या की बायकोच्या? बोट आली नाही आणि गोदीत काम नसलं तर किती दिवस शेट थांबायचा? दुकानासमोरच्या बाकावर कोण बसायचं? आणि आर्थिक नाकेबंदीच्या वेळचं, म्हणजे १९५४-५५च्या पुढचं कुणाला आठवतं का ते विचारा. भारताने वाट बंद केली तेव्हा बटाटे हॉलंडचे, चहा सिलोनचा, सिमेंट जपानचं असं बोटीने यायचं, आणि ते उतरायचं आपल्याच धक्क्यावर. भुसारी दुकानातल्या पेट्या आणि गोणी त्या छापांच्या असत. रिकाम्या पेटीच्या फळीवर मागून पाटी रंगवलेली मी पाहिली आहे. पुढे दुकानाचं नाव, मागे जळक्या ठशातली परदेशी अक्षरं. फळी सापडली तर उलटी करून बघितल्याशिवाय सोडू नका.

बायण्याच्या किनाऱ्याचं मात्र घाईने करा. तिथली वस्ती १४ जून २००४ला पाडली गेली. घरांबरोबर टपऱ्या, खानावळी, शिंप्यांची यंत्रं, सगळं गेलं आणि लोक पांगले. त्या वस्तीबद्दल बाहेर एकच गोष्ट बोलली जाते, पण तिथे रॉकेल, मीठ, पेन्सिली विकणारी दुकानंही होती आणि त्यांच्या पाट्याही आम्हीच रंगवल्या. त्यांची नावं गोळा करताना माणसांची परवानगी घ्या. पत्ता छापलेला सगळ्यांनाच नको असतो.

शेवटचा प्रश्न, तशीच पाटी पुन्हा मिळेल का. मिळेल, पण माळ्यावरच्या पत्र्यावर रंगवू नका. तो आहे तसा ठेवा, मागून गंज थांबवण्याचा एक हात द्या, बस. नवा पत्रा घ्या. फोटोवरून फ्लेक्स छापून देतो म्हणणारे बाजारात पुष्कळ आहेत. त्यात अक्षराचा काठ येत नाही आणि दोन पावसाळ्यांत ते पांढरं पडतं. हाताने लिहिणारे पेंटर आता थोडे उरलेत, पण वाहनांचे नंबर आणि होड्यांवरची नावं लिहिणारे आहेत. खारीवाड्यातच मच्छीमारांना विचारा, ट्रॉलरवरचं नाव कोण लिहितं. त्याचा हात चालू असतो.

त्याला काम देताना दोन गोष्टी सांगा. देवनागरी असेल तर सूत मारून आधी शिरोरेषा, मग उभ्या दांड्या, मग पोट. कॉम्प्युटरच्या अक्षराचा प्रिंट समोर ठेवून तेच उतरवायला लावलंत तर आजोबांची पाटी होणार नाही. फोटोतलं अक्षर मोठं करून बटरपेपरवर उतरवा आणि तोच ठसा द्या. दुसरं, बेस गडद घ्या. वास्कोत खनिजाची लाल आणि कोळशाची काळी पूड हवेत होती आणि खारा वारा आहेच. पांढऱ्या बेसवर ओला रंग असताना वारा सुटला की पाटी तिळाच्या लाडवासारखी ठिपक्याठिपक्यांची. म्हणून तेव्हाच्या पाट्या गडद हिरव्या किंवा निळ्या, अक्षरं पिवळी किंवा पांढरी. पत्र्याला आधी रेड ऑक्साइड, खड्ड्यांना लांबी (पुट्टी), मग दोन हात बेस, आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. हे सगळं पाऊस गेल्यावर, दसऱ्याच्या पुढे, सकाळी वारा उठायच्या आधी. दसऱ्याच्या दिवशी मात्र पेंटरला बोलावू नका, त्या दिवशी ब्रशची पूजा असते.